पॉली-८०० ला फिल्टरचे दोन नॉब

कोर्गचा पॉली-८०० हा १९८३ सालचा सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ आला आणि पॅनेलवरचे नॉब जाऊन त्यांच्या जागी बटणं आणि आकडे बसले. पॉली-८०० वर कटऑफ (फिल्टर किती उंचीपर्यंतचा आवाज जाऊ देतो ती हद्द) बदलायचा म्हणजे आधी ४१ नंबरचा पॅरामीटर बोलवायचा आणि मग अप-डाउन बटणं दाबत ० ते ९९ मधला हवा तो आकडा गाठायचा. रेझोनन्सला (त्या हद्दीपाशी आवाजाला येणारी धार) ४२ नंबर, आणि तिथे ० ते १५ अशा सोळाच पायऱ्या. एका हाताने वाजवत दुसऱ्या हाताने फिल्टर सावकाश उघडत न्यावा, तर सोय नाही. जॉयस्टिक खाली ओढली की फिल्टर हलतो खरा, पण तो थरथरतो, एका जागी उघडून राहत नाही. मिडी (वाद्यं एकमेकांना जोडायची आज्ञांची पद्धत) आहे, मात्र पहिल्या आवृत्तीत मिडीवरून कटऑफला हात घालता येत नाही. म्हणून कटऑफ आणि रेझोनन्सला आम्ही एकेक नॉब लावला.

या वाद्यात आठ आवाजांना मिळून फिल्टर एकच आहे. एनजेएम-२०६९ ही चिप, कटऑफच्या वरचा आवाज दर सप्तकाला २४ डेसिबलने कापणारी. कंपनीने पैसे वाचवले, पण त्या कंजुषीमुळेच हे काम घरच्या टेबलावर होण्यासारखं आहे: एकच फिल्टर, म्हणजे कटऑफची जागा एकच आणि रेझोनन्सची एकच. सांगली-मिरजेकडे ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांच्या सामानात असे जुने कीबोर्ड अजून निघतात. आम्ही ज्यावर काम केलं तो पहिल्या आवृत्तीचा होता, आवाज ठीक, दोन की सोडल्या तर सगळं चालू. बंद पडलेल्या वाद्यावर हे काम सुरू करू नये. आधी दुरुस्ती, मग बदल. नाहीतर बिघाड जुना की आपला, हे ओळखण्यातच दिवस जातो.

पहिलं काम प्रोग्राम वाचवण्याचं. मागच्या टेप सॉकेटमधून ६४ प्रोग्राम आवाजाच्या रूपात बाहेर काढता येतात. कॅसेट आता कोण शोधणार. लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये घेतलं तरी चालतं. फाइल वेव्ह ठेवायची, एमपी-३ नाही. त्या दाबादाबीत डेटाच्या कडा बोथट होतात आणि परत भरताना वाद्य एरर दाखवतं. लेव्हल लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवून दोनदा उतरवून घेतलं. बॅटऱ्या काढल्यावर मेमरीत काय उरेल, याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

मग अ‍ॅडॅप्टर काढला, खालच्या कप्प्यातले सी साइजचे सहा सेल काढले आणि तळाचे स्क्रू खोलले. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये थेट बसलेले असतात. परत लावताना आधी उलटा फिरवून जुनी चाकोरी ‘टक्’ अशी सापडू द्यायची आणि मगच आवळायचा. नवी चाकोरी पडली की त्या भोकातलं प्लॅस्टिक संपलं म्हणून समजा. रिबन केबल ओढायच्या नाहीत. कनेक्टर धरून डावी-उजवी बाजू आळीपाळीने थोडी थोडी उचलायची, आणि त्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो.

कृष्णाकाठच्या वाद्यांबद्दल एक वेगळी सूचना. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलेल्यांकडचं वाद्य असेल तर बोर्ड उजेडात तिरपा धरून बघा. गाळाचा पातळ पापुद्रा आयसीच्या (म्हणजे चिपच्या) पायांमध्ये बसलेला असतो आणि पावसाळ्यात दमट हवा लागली की त्यातून वीज झिरपते. फिल्टरच्या कंट्रोलची जागा नाजूक असते, तिथे एवढं झिरपणंही कटऑफ आपोआप हलायला पुरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन तो भाग धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच मोजमाप घ्या.

आता खरं काम: व्होल्टेज कुठे घालायचं ते शोधणं. सर्व्हिस मॅन्युअलचा नकाशा मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावला, पण नुसत्या नकाशावर विसंबलो नाही. बोर्डाच्या आवृत्त्या बदलतात आणि चाळीस वर्षांत मध्ये कुणी हात घातला असेल ते सांगता येत नाही. मीटर खोटं बोलत नाही. त्याची काळी वायर आउटपुट जॅकच्या बाहेरच्या पत्र्याला लावली, तेच ग्राउंड. वाद्य उघड्या अवस्थेत चालू केलं आणि आधी फिल्टर शांत केला: ४३ म्हणजे कीबोर्ड ट्रॅकिंग (की वरची तसा कटऑफही वर जाणं) शून्यावर, ४५ म्हणजे एन्व्हलपची (की दाबल्यावर फिल्टर आपोआप उघडून मिटण्याची) तीव्रता शून्यावर, एमजीचं (फिल्टर थरथरवणाऱ्या भागाचं) फिल्टरवरचं प्रमाणही शून्यावर. हे न केल्यास की दाबताच व्होल्टेज नाचतं आणि काहीच कळत नाही.

मग ४१ ला शून्य ठेवून २०६९ च्या प्रत्येक पायावरचं व्होल्टेज वहीत टिपलं. ४१ ला ५० करून परत, ९९ करून परत. तीन रकाने झाले. ज्या पायाचा आकडा तिन्ही वेळा एकाच दिशेने सरकला तो कटऑफचा. खात्रीसाठी ४१ स्थिर ठेवून ४२ हलवायचा: कटऑफचा पाय जागचा हलता कामा नये आणि दुसराच एखादा पाय हलला पाहिजे. तो रेझोनन्सचा. आयसीचे पाय जवळजवळ असतात, मीटरची पिन घसरून दोन पाय एकत्र आले तर चिप जाऊ शकते, आणि ही चिप आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. म्हणून पिनेवर टोकाचा एक मिलिमीटर सोडून स्लीव्ह चढवली. शक्य तिथे आयसीच्या पायाऐवजी त्याला जोडलेल्या रेझिस्टन्सच्या तारेवर मोजलं.

पाय सापडला म्हणून लगेच वायर लावायची नाही. त्या जागेला मागून किती जोर आहे ते आधी बघायचं. रीत सोपी आहे. जागेवरचं व्होल्टेज मोजा. मग तिथून ग्राउंडला १०० के चा (के म्हणजे हजार ओहम) रेझिस्टन्स क्षणभर टेकवा आणि परत मोजा. समजा २.०० व्होल्टचं १.८२ झालं. २.०० भागिले १.८२, त्यातून १ वजा, गुणिले १०० के: साधारण १० के. म्हणजे ही जागा आतल्या बाजूने १० के मधून पोसली जाते आहे, आपल्या रेझिस्टन्सने ती हलेल. व्होल्टेज तिळभरही हललं नाही तर आपण ऑपअ‍ॅम्पच्या आउटपुटवर उभे आहोत, म्हणजे व्होल्टेज पक्कं धरून ठेवणाऱ्या चिपच्या तोंडाशी. तिथे कितीही नॉब लावा, ऑपअ‍ॅम्प आपलं म्हणणं सोडत नाही. अशा वेळी त्याच ऑपअ‍ॅम्पच्या वजा इनपुटवर जायचं. तिथे घातलेलं व्होल्टेज उलटं होऊन बाहेर पडतं, म्हणून नॉब उलट्या दिशेने चालेल. पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टन्सच्या) दोन टोकांच्या वायरी अदलाबदल केल्या की सरळ.

सामान फारसं लागत नाही: १०० के चे दोन पॉट, ५०० के चे दोन प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे छोटे पॉट), ४७ के चे दोन रेझिस्टन्स, दोन टॉगल स्विच, १०० नॅनोफॅरडचे दोन कंडेन्सर, १०० ओहमचा एक रेझिस्टन्स, १०० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा एक कंडेन्सर, मीटरभर बारीक शील्ड वायर. दुकानात गेलात की काउंटरवरचा विचारतो, “ऑडिओचंच आहे ना? मग ए घेऊन जा.” घेऊ नका. ए म्हणजे लॉग, आवाज कमी-जास्त करायला ते बरोबर. फिल्टरच्या चिपमध्ये व्होल्टेजचं सप्तकात रूपांतर आधीच घातांकी पद्धतीने होतं, त्यावर लॉग पॉट चढवला की सगळी करामत नॉबच्या शेवटच्या टोकाला गोळा होते. बी म्हणजे लिनिअर मागा आणि तिथेच मीटर लावून बघा. नॉब बरोबर मध्ये ठेवून मधला पाय ते टोक ५० के च्या आसपास दाखवलं तर लिनिअर. १०-१५ के दाखवलं तर छापलेलं काहीही असो, तो लॉग आहे. आम्हाला मधोमध ‘टक्’ करून थांबणारे पॉट हवे होते. ते सांगलीत मिळाले नाहीत, पुण्याच्या तपकीर गल्लीतून मागवले.

जोडणी सांगतो. आतल्या ५ व्होल्टच्या लाइनवरून १०० ओहमचा रेझिस्टन्स, त्याच्या पुढे १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला. ही जोडी वगळू नका. त्याच ५ व्होल्टवर प्रोसेसर आणि डिस्प्ले चालतात, त्यांची किरकिर नॉबमधून थेट फिल्टरमध्ये उतरते. लांब सुरावर मागे डास गुणगुणल्यासारखा आवाज येत असेल तर ही जोडी नाही किंवा कंडेन्सरचं ग्राउंड लांबून आणलं आहे. या जोडीने साधारण १६ हर्ट्झच्या वरचं सगळं दबतं. इथून पॉटचं वरचं टोक, खालचं टोक ग्राउंडला. मधल्या पायावरून १०० नॅनोफॅरड ग्राउंडला, म्हणजे पॉट जुना झाला की येणारी खरखर तिथेच जिरते. इथे ‘जास्त म्हणजे चांगलं’ असं समजून १० मायक्रोफॅरड घातला तर नॉब फिरवल्यावर फिल्टर पाव सेकंद मागून रेंगाळत येतो.

मधल्या पायावरून स्विच, स्विचवरून वायर, आणि वायरच्या शेवटी बोर्डाजवळ ४७ के व प्रीसेट एकापुढे एक जोडून कटऑफच्या जागेवर. हा क्रम महत्त्वाचा. रेझिस्टन्स पॉटजवळ आणि उघडी वायर बोर्डापर्यंत, असं उलटं केलं तर ती पाऊण फुटाची वायर नाजूक जागेला लटकते आणि की स्कॅनिंगचा (कुठली की दाबली हे सतत तपासणाऱ्या सर्किटचा) कचरा अँटेनासारखा गोळा करते. रेझिस्टन्स बोर्डाला चिकटून असला की पलीकडच्या वायरीवर काहीही येवो, आत पोचतं ते नगण्य. स्विच बंद केला की आपल्या जोडणीचा भार पूर्ण निघून जातो आणि वाद्य कारखान्यातून आलं तसं वागतं. सेव्ह केलेले प्रोग्राम जसेच्या तसे वाजायला हवेत, म्हणून हा स्विच ऐच्छिक नाही. नॉबची जागा मेमरीत साठत नाही, हे वाजवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

४७ के कायमचा का? प्रीसेट चुकून शून्यावर गेला तरी चिपच्या पायात मिलिअँपिअरच्या दहाव्या भागापेक्षा फारसा जास्त करंट जाऊ नये म्हणून. नुसत्या प्रीसेटवर काम करणारे बहाद्दर असतात, त्यांच्या चिपा जातात.

प्रीसेट कितीवर ठेवायचा हे गणिताने सांगता येतं, पण कानाने लवकर ठरतं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीवर तारेखाली सूत केसभर सरकवतो, तार छेडतो, परत सरकवतो. आकडा कुठेच नसतो, नाद उघडला की हात थांबतो. इथेही तेच केलं. ४१ ला ५०, ४२ ला ८, खालच्या सप्तकातली एक की दाबून धरली आणि नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. प्रीसेट कमी असताना पाव फेऱ्यात फिल्टर पूर्ण बंद ते पूर्ण उघडा झाला. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, पण वाजवणाऱ्याला बोटाने अर्धा मिलिमीटर साधता येत नाही. प्रीसेट वाढवत गेलो. डावीकडे आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा पण अजून ऐकू येणारा, आणि उजवीकडे पूर्ण उघडा, इथे थांबलो. वाद्य बंद करून प्रीसेट आणि ४७ के दोन्ही मिळून मोजले, २२० के च्या जवळ आले. दोन्ही काढून २२० के चा एकच मेटल फिल्म रेझिस्टन्स लावला, कारण प्रीसेट गाडीच्या हादऱ्यांनी सरकतो. तुमच्या बोर्डावर हा आकडा वेगळा येईल, तसाच्या तसा उचलू नका.

यानंतर लक्षात आलं की नॉब मधोमध असताना आवाज मूळ प्रोग्रामसारखा नाही, जास्त उघडा आहे. कारण साधं. पॉट ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये, म्हणजे मध्यावर अडीच व्होल्ट. कटऑफच्या जागेवर अडीच व्होल्ट नसेल तर नॉब मध्यावरही तिला ओढत राहणार. नॉबचा मध्य हा जागेच्या स्वतःच्या व्होल्टेजवर यायला हवा. समजा ४१ ला ५० असताना तिथे १.६ व्होल्ट आहेत. मग पॉटच्या वरच्या टोकाला त्याच्या दुप्पट, ३.२ व्होल्ट पाहिजेत. ५ व्होल्ट आणि १०० के पॉटच्या वर ५६ के चा रेझिस्टन्स टाकला की ३.२ मिळतात. मध्यावरच्या त्या ‘टक्’चा उपयोग इथे होतो: बोटाला टक् लागलं की आपण मूळ आवाजावर परत आलो. ४१ चा आकडा ५० पासून लांब असलेल्या प्रोग्रामला हे तंतोतंत जुळत नाही. ते चालतं, कारण तंतोतंत हवं तेव्हा स्विच आहे.

एक दोष मात्र उशिरा सापडला, आणि तो अनेकांच्या कामात राहून जातो. ४३ ला पूर्ण ट्रॅकिंग ठेवून रेझोनन्स एवढा वाढवला की फिल्टर स्वतः शीळ घालू लागला, आणि ती शीळ की वर वाजवून पाहिली. वरच्या सप्तकात जाताना ती मूळपेक्षा उतरत होती. स्विच बंद केला की फरक गायब. म्हणजे आपलाच भार. १० के च्या जागेला २२० के बांधला की तिथलं प्रत्येक व्होल्टेज सुमारे ४.३ टक्क्यांनी आखडतं. सप्तकात १२०० सेंट, त्याचे ४.३ टक्के म्हणजे ५२ सेंट: दर सप्तकामागे जवळपास अर्धा अर्धस्वर. दोन सप्तकांत पूर्ण अर्धस्वर उतरला. फिल्टर उघड-मीट करायला हे अजिबात कळत नाही, शिळेवर सूर वाजवणाऱ्याला मात्र लगेच टोचतं. उपाय दोन. रेझिस्टन्स वाढवून नॉबचा पल्ला कमी करायचा, नाहीतर मध्ये ऑपअ‍ॅम्प घालून व्होल्टेजची बेरीज करायची. आम्ही २२० के तसाच ठेवला. या वाद्यावर शिळेने राग आळवणारा अजून भेटलेला नाही.

रेझोनन्सची जोडणी तीच, पण मध्याची भानगड नाही. ४२ शून्यावर ठेवून नॉबने फक्त वाढवायचं, म्हणजे साधा पॉट पुरतो. काही बोर्डांवर व्होल्टेज खाली गेल्यावर रेझोनन्स वाढतो. मोजताना दिशा लिहून ठेवली असेल तर टोकं आधीच अदलाबदल करता येतात. सोळा पायऱ्यांच्या जागी सलग फिरणारा नॉब आला की कळतं, खरी मजा शीळ सुरू होण्याच्या अगदी अलीकडे आहे, आणि ती जागा दोन पायऱ्यांच्या मध्ये हरवलेली होती. प्रीसेट लावताना शीळ नॉबच्या शेवटच्या पाचव्या भागात सुरू होईल असं ठेवा. चार टप्प्यांच्या बहुतेक फिल्टरांसारखा इथेही रेझोनन्स चढला की खालचा भरदार आवाज बारीक होतो. तो बिघाड नाही, त्यावर वेळ घालवू नका. पहिल्यांदा तपासताना स्पीकर अगदी हळू ठेवा. कटऑफ वर आणि शीळ जोरात, अशा वेळी ट्विटर आणि कान दोन्ही धोक्यात.

आता डब्याला भोकं. हे काम आम्ही सर्वांत शेवटी केलं. तोवर पॉट पुठ्ठ्यावर बसवलेले होते. वायरिंग बदलता येतं, भोक बुजवता येत नाही. जागा निवडताना झाकण बोर्डावर ठेवून पॉटच्या पाठीमागे किती खोली आहे ते मोजलं. आत मोकळं दिसतं तिथे झाकण बंद झाल्यावर नेमकी रिबन येते. जुनं प्लॅस्टिक वाळलेल्या पापडासारखं तडकतं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, मागे लाकडाचा ठोकळा घट्ट दाबून धरलेला, आधी २ मिलिमीटरचं भोक, मग ४, मग स्टेप ड्रिल अगदी हळू. ड्रिल वेगात चालवलं तर प्लॅस्टिक कापलं न जाता वितळतं आणि भोकाला गोंदासारखी कड येते. पॉटच्या बुशचा व्यास कॅलिपरने मोजून पाव मिलिमीटर जास्त ठेवला. नटाखाली वॉशर हवाच, नाहीतर नट आवळताना प्लॅस्टिकवर चरा उमटतो.

पॉट बसल्यावर नॉबला हात लावला की गुणगुण यायची, हात काढला की बंद. पॉटचा पत्रा ग्राउंडला नव्हता. धातूच्या डब्यात तो आपोआप ग्राउंड होतो, प्लॅस्टिकच्या डब्यात नाही. पत्र्याला जरा घासून एक वायर सोल्डर केली, गुणगुण थांबली. शील्ड वायरचं जाळं मात्र एकाच टोकाला, पॉटकडच्या बाजूला, जोडलेलं आहे. दोन्ही टोकांना जोडलं तर ग्राउंडची दुसरी वाट तयार होते आणि डिजिटल बाजूचा करंट तिच्यातून फिरू लागतो.

सोल्डरिंगबद्दल एवढंच. तापमान ३२० अंशांच्या आसपास, एका जागी दोन-तीन सेकंद. जुन्या बोर्डाचा तांब्याचा पट्टा फार वेळ तापला की गोंद सुटून उचलला जातो. वायर आयसीच्या पायाला न लावता जवळच्या रेझिस्टन्सच्या तारेला लावली, आणि तिथून एक सेंटिमीटरवर गरम गोंदाचा ठिपका टाकून बोर्डाला धरून ठेवली. झाकण उघडताना वायर ओढली गेली तर ताण गोंदावर येतो, तांब्यावर नाही. बोर्डावरचे मूळ प्रीसेट कशाचे आहेत हे कळेपर्यंत फिरवू नयेत. फिरवावेच लागले तर आधी मार्करने खूण.

पायाने चालवायचा पेडल हवा असेल तर स्टीरिओ जॅक घालता येतो: टोकाला मधला पाय, रिंगेला ५ व्होल्ट, बाहेरच्या भागाला ग्राउंड. रिंगेच्या वायरीत १ के चा रेझिस्टन्स टाकायला विसरू नका. प्लग आत-बाहेर करताना, किंवा कुणी गिटारची मोनो केबल खुपसली तर, रिंग ग्राउंडला चिकटते. १ के असला तर फक्त ५ मिलिअँपिअर वाहतात. नसला तर वाद्याचं ५ व्होल्टच खाली बसतं आणि ऐन कार्यक्रमात डिस्प्ले विझतो. पेडलमध्येही लिनिअरच पॉट हवा. बाजारातले व्हॉल्यूम पेडल बहुतेक लॉग असतात.

वाजवताना दोन आकडे लक्षात ठेवायचे. नॉब वापरायचा असेल त्या प्रोग्रामला ४१ हा ४० ते ५५ च्या दरम्यान सेव्ह करा. ९९ वर ठेवला तर नॉब उजवीकडे नेऊन काहीच घडत नाही, आणि तक्रार येते की नॉब चालत नाही. दुसरं, ४६ नंबर. तो २ वर, म्हणजे मल्टिपल ट्रिगरवर, असला तर प्रत्येक नवीन की दाबताच सगळ्या आवाजांचा मिळून एकच फिल्टर पुन्हा सुरुवातीपासून उघडतो, आणि नॉबने सावकाश नेलेली चढण मधेच तुटते. लांब सुरांना तो १ वर बरा.

झाकण लावण्याआधी वाद्य दोन तास चालू ठेवलं, अर्धा तास टेबल फॅन बंद करून, कारण मे महिन्यात मंडपात यापेक्षा जास्त उकाडा असतो. मध्यावरचं व्होल्टेज परत मोजलं, एक-दोन शतांशांच्या आतच सरकलं होतं. टेपवरून प्रोग्राम भरले, स्विच बंद करून जुने आवाज ऐकले, स्विच चालू करून परत ऐकले. मग पेन्सिलने एका चिठ्ठीवर कुठल्या रेझिस्टन्सच्या कुठल्या टोकाला कोणत्या रंगाची वायर आहे, २२० के आणि ५६ के कुठे आहेत, स्विच कोणत्या बाजूला बंद आहे हे लिहिलं, चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि स्क्रू जुन्या चाकोरीत आवळले.